अध्ययन अक्षम मुलांना इंग्रजी वाचन: पाचवी, मराठी माध्यम, सोलापूर

पूर्वभाग:
पाचवीतल्या सहा मुलांसाठी विचारतोय. शाळा मराठी माध्यमाची, पण पूर्व भागातली. त्यामुळे चौघांच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कानडी आणि एकाच्याच घरी मराठी. मराठी वाचतात, पण हळू, आणि जोडाक्षर आलं की थांबतात. इंग्रजीत मात्र पाटी कोरी. एबीसीडी तालात म्हणतात, 'सी-ए-टी कॅट' पाठ आहे, पण चित्र झाकलं की त्याच शब्दाला 'कप' म्हणतात. दोघांना वाचनाची अध्ययन अक्षमता असल्याचं निदान झालंय, चौघांची तपासणी व्हायची आहे. रोज 40 मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस मिळणार आहेत. बाजारातली फोनिक्सची (अक्षरांच्या आवाजांवरून वाचन शिकवणारी) पुस्तकं ज्यांना इंग्रजी आधीच बोलता येतं अशा मुलांसाठी लिहिल्यासारखी वाटतात. सुरुवात कुठून करायची?

हलन्त:
तपासणी न झालेल्या चौघांचे आधी डोळे आणि कान बघून घ्या. कान फुटणं, सर्दीनं बसणं हे झोपडपट्टीत आणि बंगल्यात, दोन्हीकडे होतं. ज्याला 'प्' आणि 'ट्' वेगळे ऐकूच येत नाहीत त्याला फोनिक्स शिकवून काही होत नाही.

आता मूळ मुद्दा. देवनागरीत जे लिहिलं ते वाचलं, बहुतेक तसंच. त्यामुळे वाचनाची अडचण असलेलं मूल मराठीत चुकण्यापेक्षा रखडतं आणि अडचण झाकलेली राहते. इंग्रजीत अक्षरं 26, आवाज साधारण 44. तिथे ती उघडी पडते. वर आपण अक्षरांची नावं पाठ करून घेतो. सी, ए, टी ही तीन नावं कितीही भराभर म्हटली तरी त्यांतून 'कॅट' निघत नाही, 'सीएटी' निघतं. मूल चुकत नाहीये, आपण दिलेली चावीच त्या कुलपाची नाही. म्हणून पहिले दोन महिने अक्षरांची नावं बाजूला ठेवा, फक्त आवाज.

पण इथे आपल्या मुलांची एक खास अडचण आहे, जी विलायती पुस्तकात सापडत नाही. आपलं 'क' म्हणजे क् अधिक अ. मुलाला 'क, ॲ, ट' म्हणून जोडायला सांगितलं की ते 'कअॲटअ' म्हणतं आणि अडकतं. बहुतेक वर्ग इथेच फसतात आणि मग शिक्षक म्हणतात की फोनिक्स आपल्याकडे चालत नाही. उपाय आपल्याच लिपीत आहे: पाय मोडायचा. क नाही, क्. ट नाही, ट्. पाचवीच्या मुलाला हलन्त माहीत असतो. माहीत नसेल तर बाराखडीतून काढा. तुम्ही म्हणा, "का, की, कू, के. सगळ्यांत काय सारखं राहिलं?" पहिल्यांदा उत्तर 'क' येईल. मग तोंडासमोर हात धरून, आवाज न काढता नुसता क् सोडायला लावा. घशातला धक्का जाणवला की मुलाला क् सापडला. एका आवाजाला दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्या.

शेवटच्या अक्षराची काळजी मराठी घरातल्या मुलाबाबत नको. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. त्याला हे एकदा दाखवून दिलं की 'कॅट'मधला शेवटचा ट् आपोआप मोडतो.

अक्षरांचा क्रम: पहिला गट एस, ए, टी, पी, आय, एन. या सहांतून लगेच शब्द होतात: सॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, पॅन, टिप. दुसरा गट सी, के, ई, एच, आर, एम, डी. तिसरा जी, ओ, यू, एल, एफ, बी. या क्रमात डी आणि बी लांब पडतात, हा त्याचा मोठा फायदा. जी अक्षरं एकमेकांसारखी दिसतात ती एकाच आठवड्यात कधीही शिकवू नका.

जोडणी करताना आणखी एक. इंग्रजी पुस्तकं 'क् + ॲट' अशी फोड करतात आणि कॅट, बॅट, मॅट, हॅट यमकात शिकवतात. बाराखडी पक्की झालेल्या मुलाला ती फोड उलटी पडते. त्याच्या डोक्यात 'कॅ' हे एक अक्षर आहे. म्हणून आधी क् आणि ॲ मिळून कॅ, मग कॅ आणि ट् मिळून कॅट. सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा. स्, म्, न् ताणता येतात: 'स्स्स्ॲॲट्'. क्, ट्, प् ताणता येत नाहीत, म्हणून ते शब्दाच्या तोंडाशी उशिरा आणा.

चाटीगल्ली:
हलन्त यांच्याशी बाकी सहमत, पण देवनागरीचा आधार घेणं मला धोक्याचं वाटतं. पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहिलेला असतो. मुलाचा डोळा खाली उतरतच नाही. वर्षभर इंग्रजीच्या तासाला ते मराठीच वाचत राहतं, आणि परीक्षेत वरची ओळ गायब!

हलन्त:
बरोबर, आणि ती सवय मोडलीच पाहिजे. मी शब्दावर लिहायला सांगत नाहीये. देवनागरी फक्त एकट्या आवाजासाठी, तीही कार्डाच्या मागच्या बाजूला. पुढे एस, मागे स्. मूल पुढून वाचतं, अडलं तर कार्ड उलटतं. तीन दिवस कार्ड उलटावं लागलं नाही की मागचं खोडून टाका. अख्खा शब्द देवनागरीत कधीच नाही, अपवाद नाही.

सातरस्ता:
घरी तेलुगू किंवा कानडी असलेल्या मुलांबद्दल. या भाषांत शब्द बहुधा स्वरावर संपतो. म्हणून बस्सु, पेन्नु, कारु. वाचताना मूल 'पिन्नु' म्हणालं तर ती वाचनाची चूक धरू नका. अक्षरं बरोबर ओळखली आहेत, शेवटी घरच्या भाषेचा उ चिकटला आहे. हे न कळल्यामुळे शिक्षक पुन्हा अक्षरांवर जातात आणि मुलाला वाटतं आपण अक्षरंच चुकलो.

त्यासाठी शेवटच्या आवाजावर तळहातानं बाकावर हलकी थाप मारायला लावा. थाप पडली की तोंड बंद. पिन्, थाप. टॅप्, थाप. प् आणि म्ला ओठ मिटतात म्हणून तिथून सुरुवात करा, न् आणि ट् नंतर.

दुसरी खूण म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा ए 'ये' होतो. एम अक्षराचं 'यम्', एगचं 'येग्ग'. हे ऐकून घ्यायचं, पण वाचनाच्या वेळी सुधारत बसायचं नाही. बोलण्याच्या पाच मिनिटांत वेगळं घ्या. आणि उर्दू बोलणारी मुलं असतील तर 'इस्कूल', 'इस्टेशन' असा पुढे इ लागतो. तिथे स्स्स् लांबवून मग टेशन जोडायचं.

'बेड' आणि 'बॅड' मात्र सगळ्यांचीच गल्लत. मराठीत तर ॲ हा मूळ स्वर नाही. छोटा आरसा द्या. ए म्हणताना दातांमध्ये एक बोट मावेल इतकं तोंड, ॲ म्हणताना दोन बोटं उभी मावतील इतकं. कानाला फरक कळायच्या आधी जबड्याला कळतो. पेन आणि पॅन, मेन आणि मॅन अशा जोड्या घ्या, पण ई अक्षर पक्कं झाल्यावरच.

चाररेघी:
लेखनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मराठी अक्षर शिरोरेघेला लटकतं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. हे कुणी सांगत नाही. मग मूल चार रेघी वहीत इंग्रजी अक्षरंही वरच्या रेघेला टांगतं, पी आणि जीच्या शेपट्या रेघेवरच आखडतात, आणि आपण म्हणतो अक्षर घाणेरडं. मधल्या दोन रेघांमधली जागा फिक्या पिवळ्या खडूनं रंगवून द्या. रंगवलेलं ते घर, वरची जागा माळा, खालची तळघर. ए, सी, ई, एम, एन घरात. बी, डी, एच, के, एल माळ्यावर हात लावतात. जी, जे, पी, क्यू, वाय यांचे पाय तळघरात. दोन आठवड्यांनी रंग बंद.

वहीत लिहायच्या आधी ताटात. स्टीलच्या ताटात रवा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर. जास्त झाला की रेघ लगेच बुजते. बोट फिरवलं की ताटाचा चकाकता तळ दिसला पाहिजे. रांगोळी नको, ती उडून डोळ्यांत जाते. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: टेरी टॉवेलच्या कातरणीचे तुकडे. अक्षर पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठं काढून त्या आकारात कापड चिकटवा. बोट फिरवताना तोंडानं आवाज म्हणायचाच. नुसतं बोट फिरवून काही होत नाही. आवाज, हात आणि डोळा एकाच वेळी चालले पाहिजेत. वळण कुठून सुरू होतं तिथे हिरवा ठिपका लावा, नाहीतर मूल ओ अक्षर घड्याळाच्या दिशेनं काढतं आणि पुढे ए, डी, जी सगळी बिघडतात.

दहा ओळी शुद्धलेखन बंद करा. सहा शब्द लिहून घ्या, पण बघून नव्हे. शब्द बघा, म्हणा, झाका, लिहा, ताडून बघा. बघून उतरवणं म्हणजे चित्रकला.

पूर्वभाग:
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. दोन शंका. बी-डीची उलटापालट कशी थांबवायची? आणि 40 मिनिटांचं वाटप काय ठेवू?

हलन्त:
दोन्ही हातांच्या मुठी, अंगठे वर, मुठी समोरासमोर. डावी मूठ बी, उजवी डी, मधे पलंगाची गादी. 'बेड' शब्दच तयार होतो. ही युक्ती बहुतेकांना माहीत असते, पण ती चुकते कारण दोन्ही अक्षरं एकदम शिकवली जातात. आधी डी एकटाच पक्का करा, तीन आठवडे. बीचं नावही नाही. मग बी आणताना तोंडाकडे लक्ष द्या: ब् म्हणताना ओठ मिटून सरळ रेघ होते, म्हणून आधी उभी रेघ, मग पोट. ड् म्हणताना तोंड आधी उघडं असतं, म्हणून आधी पोट, मग रेघ. मराठीत घ-ध, भ-म यांत गोंधळणारं मूल इंग्रजीत बी-डीत गोंधळू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आठवीतही तसंच राहिलं तर सोडून देऊ नका.

वेळ:
पहिली 5 मिनिटं जुन्या कार्डांची उजळणी, भराभर, आठ-दहा कार्डं.
10 मिनिटं चिंचोके. कागदावर तीन चौकटी काढा. तुम्ही 'टॅप' म्हणा, मूल एकेका आवाजाला एकेक चिंचोका चौकटीत सरकवतं. सुरुवातीला दोनच सरकवेल, टॅ आणि प्. अक्षराच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. मग टॅ पुन्हा फोडायचा. 'शिप' शब्दात अक्षरं चार, चिंचोके तीन. हे कळलं की पुढे जोड्यांचे आवाज सोपे जातात.
10 मिनिटं नवं अक्षर: कापडी कार्ड, रवा, मग वही.
10 मिनिटं वाचन, फक्त शिकवलेल्या अक्षरांच्या शब्दांचं. पाठ्यपुस्तक इथे आणू नका. त्यात न शिकवलेली अक्षरं येतात आणि मूल पुन्हा चित्र बघून अंदाज बांधायला लागतं.
उरलेल्या पाचांत बोलणं. पुस्तकाचा धडा इथेच कानानं करा: तुम्ही वाचा, मराठीत अर्थ सांगा, मुलं इंग्रजीत एकेक वाक्यात उत्तर देतील. वाचन मागे आहे म्हणून शब्दसंग्रह अडवून ठेवायचा नाही.

पुढचं अक्षर कधी? सलग तीन दिवस दहापैकी नऊ वेळा न अडखळता आलं तर. आणि पाठांतर आहे की वाचन हे तपासायला खोटे शब्द द्या: टिस, नॅस, इप. जे शब्द अस्तित्वातच नाहीत ते पाठ करून येणार कुठून?

चाटीगल्ली:
चिंचोक्यांऐवजी शेंगदाणे दिले तर तासाअखेर चौकटी रिकाम्या! बाकी वाटप उत्तम.

नियमात न बसणाऱ्या शब्दांचं काय? द, वॉज, सेड, यू, दे. हे शब्द पहिल्याच गोष्टीत येतात.

हलन्त:
आठवड्याला तीनच. पूर्ण शब्द चित्रासारखा पाठ करायला लावू नका. त्यातला जेवढा भाग नियमानं येतो तेवढा काळा, फसवा भाग लाल. 'सेड'मध्ये पहिलं आणि शेवटचं अक्षर सरळ आहे, मधलं जोडपंच खोटं बोलतं. 'वॉज'ची उलट होऊन 'सॉ' होते, म्हणून पहिल्या अक्षराखाली हिरवा बाण काढा. हे दोन शब्द एका आठवड्यात घेऊ नका.

एका अक्षराचे दोन आवाज हा विषय निघाला की मुलं म्हणतात इंग्रजी वेडी भाषा आहे. तेव्हा फळ्यावर 'चहा' आणि 'चाक' लिहा आणि म्हणायला लावा. च एकच, आवाज दोन. आपण रोज तेच करतो. सी कधी क् आणि कधी स् का, हे मग फार समजवावं लागत नाही. तसंच शेवटचा मुका ई. टॅपचा टेप, पिनचा पाइन, किटचा काइट. शेवटी बसून मागच्या स्वराला बदलणारं अक्षर विचित्र वाटतं, पण आपली पहिली वेलांटी आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. लिहिण्याचा क्रम वेगळा, म्हणण्याचा वेगळा, हे मुलाला आधीच जमलेलं आहे. तिथे बोट ठेवा.

शिप आणि शीप, सिट आणि सीट यांचा ऱ्हस्वदीर्घ फरक या वर्षी सोडून द्या. मराठीतच आपण तो बोलताना पाळत नाही.

गटसाधन:
कागदपत्रांचं थोडं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. तपासणी साधारण वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच होते, त्याआधी नुसत्या चाळणी चाचण्या. पाचवीतल्या चौघांचं आता पुढे न्यायला हरकत नाही. शाळेनं गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाकडे लेखी नोंद द्यावी. सोबत मुलाच्या वह्यांच्या झेरॉक्स आणि वाचनात काय चुकतं याची यादी जोडा. 'अभ्यासात कच्चा' एवढंच लिहिलं की फाइल तिथेच राहते.

दहावीला सवलती लागणार असतील तर प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो. तो दहावीच्या सुरुवातीलाच करा, फेब्रुवारीत धावाधाव नको. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक (उत्तर ऐकून लिहून देणारा) मिळू शकणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक स्वतः आणला तर त्या सूचनांत त्याची पात्रता एक पायरी खालची हवी होती. लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नाही. इंग्रजीचं उत्तर सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे: वाक्य मनात पूर्ण करा, मग सावकाश सांगा, पूर्णविराम सांगा, लिहिलेलं परत वाचून घ्या. नववीपासून आठवड्याला एकदा तरी सराव हवा.

चाररेघी:
बाजारात रंगीत पारदर्शक प्लास्टिक मिळतं, ते पानावर ठेवलं की वाचता येतं असं सांगून विकतात. अध्ययन अक्षमता डोळ्यांत नसते, आवाज आणि अक्षर जोडण्यात असते. त्या पैशात साध्या झेरॉक्स काढा: अक्षर 14 ते 16 आकाराचं, दोन ओळींत दीडपट अंतर, डावीकडून सरळ, उजवीकडची कड मोकळी. दोन्ही कडा जुळवलेल्या पानात शब्दांमधली अंतरं कमीजास्त होतात आणि नजर घसरते. पुठ्ठ्यात ओळीएवढी खिडकी कापून दिली की एका वेळी एकच ओळ दिसते.

कंबरतलाव:
नववीतल्या मुलाला हेच लावायचं का? 'सॅट, पॅट' वाचायला लाज वाटते, वही मिटून ठेवतो.

सातरस्ता:
आवाजांचा क्रम तोच, साहित्य वेगळं. सशाची चित्रं आधी काढून टाका. नववीच्या मुलाला मोबाइल, बसची पाटी, औषधाची पट्टी, क्रिकेटचा धावफलक वाचायचा असतो. पहिल्या गटातून त्याच्या जगातले शब्द काढा: टिप, टॅप, पिन, पिट. दुसऱ्या-तिसऱ्या गटानंतर रन, बॅट, किट, नेट, सिम, टॅब, लॉग. 'ऑन', 'ऑफ', 'स्टॉप', 'एक्झिट' हे वेगळे पाठ. 'पुश' आणि 'पुल' मात्र नियमानं 'पश', 'पल' होतील, तेव्हा लाल रंगात.

मोठा शब्द आला की त्याचे तुकडे. 'फॅन्टॅस्टिक'चे तीन तुकडे, प्रत्येकात एक स्वर. मराठी जोडाक्षराची भीती बसलेला मुलगा लांब शब्द बघूनच पान उलटतो. तुकड्यांवर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारायला शिकवा, आणि एकेका तुकड्याला एकच अट: स्वर शोध. नववीत चौथ्या-पाचव्या आठवड्यातच असे शब्द द्यायला लागा. त्यानं वही उघडी राहते.

वर्गासमोर मोठ्यानं वाचायला लावू नका, आधी एकट्यानं तयारी करायला दिलेला परिच्छेद असेल तरच. मोबाइलवर त्याचंच वाचन रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. चुका तो स्वतः मोजतो.

अवांतर: रेल्वे स्टेशनची सोलापूरची सांकेतिक अक्षरं एस, यू, आर. एका मुलानं आवाज लावून 'सर' वाचलं, दुसऱ्यानं 'सूर'. दोघांनाही पूर्ण गुण द्यायला हवेत.

पूर्वभाग:
सोमवारपासून सुरू करतोय. टेरी टॉवेलची कातरण एमआयडीसीतून आणली आहे, पण कडा सुटून धागे येतायत, बोटात अडकतात.

चाररेघी:
कापण्याआधी मागच्या बाजूला फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन रात्रभर वाळू द्या, मग कापा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पांढरा टॉवेल लावू नका, गडद रंगाचा तुकडा घ्या. स्वरांची पाच अक्षरं लाल, बाकी निळी.